बसलेल्यांखालचा जमखाना

धनुर्मास लागला की बंगळुरात आमच्या के. आर. पुरमच्या सोसायटीच्या फाटकाशी अवरेकाईची हातगाडी येऊन उभी राहते. पावट्याच्याच जातीची ही शेंग, पण तिचा वास पावट्याला नाही. पहाटेचं दव पडलं की शेंगेच्या सालावर एक तेलकट, उग्र वास चढतो. इथले लोक त्याला ‘सोगडु’ म्हणतात. तो हाताला लागला की साबणाला दाद देत नाही, आणि गेला की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. ऑफिसला निघताना मी रोज ठरवते, आज घ्यायची नाही, सोलायला वेळ कोणाला आहे. आणि रोज संध्याकाळी पिशवी भरून घेऊन येते. सोलायला अण्णा आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे कुरकुरतात, कान हवं तेवढंच ऐकतात. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून ते शेंगा सोलत बसतात आणि खाली मेट्रोकडे पळणाऱ्या माणसांकडे बघत असतात. धनुर्मास हा त्यांचा लाडका महिना. कारण देवाधर्माचं नाही. या महिन्यात लग्नं नसतात. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या लग्नांचे मांडव घातले, त्याला बिनलग्नाचा महिना म्हणजे काय सुख असतं हे त्यालाच विचारावं.

इथल्याच शिवाजीनगरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं शामियान्याचं दुकान होतं. मंडप, खुर्च्या, पातेली, माईक आणि जमखाने. सतरंजीला आमच्या घरात जमखानाच म्हणतात. आमची माणसं बंगळुरात इतक्या पिढ्या राहिली आहेत की आमच्या मराठीत कन्नड किती आणि कन्नडात मराठी किती, हे आता वेगळं काढता यायचं नाही. घरात बोलायची ती मराठी, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की कन्नड, आणि गल्लीतल्या पत्रे ठोकणाऱ्यांशी उर्दूमिश्रित काहीतरी. त्यामुळे बाहेरचं कोणी मराठी बोललं की आई विरघळायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दुकानाचे नियम होते. लग्नाचा संच वेगळा, मयताचा पांढरा वेगळा, सभांचा निळ्या पट्ट्यांचा वेगळा. पांढरा संच लग्नाच्या संचाशेजारी ठेवायचा नाही. कुठूनही परत आलेला जमखाना धुऊन उन्हात टाकल्याशिवाय पुन्हा बाहेर काढायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे माणूस बसलेला असताना त्याच्याखालचा जमखाना ओढायचा नाही. लग्न आटोपतं, जेवणावळी उठतात, वऱ्हाडाची बस निघून जाते, तरी दोन म्हातारे व्याही एका कोपऱ्यात गप्पांत रंगलेले असतात. टेम्पो ताटकळत असतो, पुढच्या ठिकाणचा माणूस फोनवर फोन करत असतो. तरी अण्णांचे कामगार खांबाला टेकून उभे राहत. खुर्च्या वाजवायच्या नाहीत, दिवे मालवायचे नाहीत, खाकरायचंही नाही. म्हातारे आपणहून उठले की मगच घडी घालायची. या पायी अण्णांनी किती बोलणी खाल्ली असतील याला गणती नाही, पण नियम तो नियम.

धनुर्मासात सगळा माल गोदामात असायचा. डांबरगोळ्या, सुती कापड, दोरखंड आणि जुन्या अत्तराचा मिळून एक वास यायचा. लहानपणी मी घडी घातलेल्या जमखान्यांच्या थप्पीवर चढून तिथेच झोपून जायची. अजूनही कुठल्या लग्नात मांडवाच्या कापडाजवळून गेले की डोळे जड होतात.

मी कॉलेजात होते त्या वर्षीचा धनुर्मास मात्र निराळा होता. माझ्या मोठ्या बहिणीचं, आमच्या अक्काचं, लग्न संक्रांतीनंतर लगेच ठरलं होतं. शामियानावाल्याच्या मुलीचं लग्न! अण्णांनी तिच्यासाठी नवा कोरा संच शिवून घेतला. गुलाबी छत, पिवळ्या झालरी, कडेने जरीची वेलबुट्टी. खाली अंथरायला लाल जमखाने, त्यांवर पिवळे पट्टे. अक्का रोज गोदामात जाऊन त्या कापडावरून हात फिरवून यायची. गल्लीतल्या बायकाही येऊन बघून जात. या मांडवात पहिली अक्षता अक्काच्याच डोक्यावर पडायची, असं ठरलेलं होतं.

संक्रांतीला थोडे दिवस उरले असताना दुकानात फोन आला. अण्णा बाहेर गेले होते, आईने उचलला. पलीकडे एक बाई चक्क मराठी बोलत होती. बायकांचा कार्यक्रम आहे, पुष्कळ बायका येणार आहेत, वर सावली पाहिजे, खाली बसायला पाहिजे, रविवारी सकाळी. शहरात मराठी बायका एवढ्या संख्येने जमतात त्या एकाच कारणाने, हे आईच्या डोक्यात पक्कं. “अय्यो, संक्रांतीच्या आधीच हळदीकुंकू उरकतात बघ हे लोक,” ती मला म्हणाली. नाव ठेवलं खरं, पण चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. निळ्या पट्ट्यांचा संच तेव्हा रंगवायला, शिवायला काढलेला. बायकांच्या मंगल कार्यक्रमाला मयताचा पांढरा संच कसा द्यायचा? मग आईने नवा गुलाबी संच पाठवला. आपल्या बायकांच्या नजरेखालून तो जावा, अशीही तिची इच्छा होती. संध्याकाळपर्यंत परत येणार होता, अक्काला कळायचंही कारण नव्हतं.

रविवारी दुपारी आई रेशमी साडी नेसली, हळदीकुंकवाचा करंडा आणि गजऱ्यांची पुडी घेतली आणि मला बरोबर घेऊन निघाली. पत्ता शोधत आम्ही शहराच्या मध्यावरच्या एका रुंद रस्त्यावर रिक्षातून उतरलो, आणि आई जागच्या जागी थांबली. रस्त्याच्या एका बाजूला आमचा गुलाबी मांडव उभा होता. पिवळ्या झालरी वाऱ्यावर हलत होत्या. आणि त्याखाली शेकडो बायका मुठी वळून घोषणा देत होत्या. एका बाजूला पोलिसांच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला हॉर्न वाजवणारी वाहनं.

आईने करंडा पदराखाली लपवला. “चल गं मागे,” ती पुटपुटली, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक सावळी, ठेंगणी बाई उठून आली. तिचा आवाज ओळखीचा होता, फोनवरचाच.

“या की वैनी! उभ्या का? बसा, जागा हाय.”

आमच्या आईला बसा म्हटल्यावर तसंच निघून जाणं कधी जमलेलं नाही. ती बसली. मीही बसले.

त्या पार्वतीबाई. निपाणीकडच्या एका गावात अंगणवाडी चालवायच्या. घरी मराठी, कामावर कन्नड, आमच्याचसारखं. लहान गावांतल्या अंगणवाड्या बंद करून मुलं दूरच्या शाळांत पाठवणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तसं होणार नाही हे लेखी द्या, एवढं मागायला त्या आल्या होत्या. राज्याच्या कानाकोपऱ्यातून आल्या होत्या, बंगळुराशेजारच्या आनेकलच्या होत्या तशा पार वरच्या टोकाच्याही.

“माझ्या पोरांच्या आया तंबाकूच्या वखारीत जात्यात,” पार्वतीबाई आईला सांगत होत्या. “सकाळी माझ्याकडं सोडायचं, सांजच्याला न्यायचं. दोन-दोन, तीन-तीन वर्साची पोरं. दूरच्या शाळंत कशी जातील ती? वखारीत न्यायची म्हटली तर पोरगं खोकून खोकून मरायचं. मग आईनं काम सोडायचं, नाहीतर थोरल्या पोरीनं शाळा. आमी काय हौसंनं बसलोय व्हय?”

आईने वर, आपल्या नव्या छताकडे पाहिलं आणि गजऱ्यांची पुडी सोडून त्यांच्यात वाटून टाकली.

संध्याकाळी अण्णा टेम्पो घेऊन आले. बसायची परवानगी संध्याकाळपर्यंतच होती. पण बायका उठल्या नव्हत्या. लेखी मिळाल्याशिवाय उठायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं. अण्णांनी नवा संच रस्त्यावर बघितला, आईकडे बघितलं, आणि त्या क्षणी त्यांनी जे गिळलं ते पुढे घरी गेल्यावर आईला ऐकवलंच. तेवढ्यात इन्स्पेक्टर आले. ते काही राक्षस नव्हते. दमलेला, पोट सुटलेला माणूस, शर्टाची कॉलर घामाने ओली. त्यांनी अण्णांना बाजूला घेतलं. मी अण्णांच्या मागेच होते.

“माल तुमचा ना?” ते कन्नडमध्ये म्हणाले. “उचला. सारखे वरून फोन येतायत. मला या बायकांवर लाठी चालवायची नाही. तुम्ही छत काढा, खालचे जमखाने काढा. थंडी पडली आहे, डांबरावर किती वेळ बसतील? आपोआप उठतील.”

अण्णांनी मान हलवली. मला वाटलं ‘हो’ म्हणून हलवली. मग म्हणाले, “साहेब, त्या उठल्या की उचलतो.”

“उठत नाहीत म्हणून तर सांगतोय.”

“साहेब, बसलेल्या माणसाखालचा जमखाना आम्ही ओढत नाही. माझ्या वडिलांनी कधी ओढला नाही. पुढच्या लग्नाचं काम हातचं गेलं तरी ओढला नाही.”

“हे लग्न नाही, अण्णा!”

“नाही ना. पण जमखाना तोच आहे.”

“मग त्यांना उठवा तुम्ही.”

“माझं काम बसवायचं. उठवायचं नाही.”

इन्स्पेक्टरांनी माल जप्त करण्याची भाषा केली. ठाण्यात पडून सडेल म्हणाले. अण्णांनी कमरेवरचे हात खाली घेतले आणि पाठीमागे बांधले. “नेलात तर नेलात,” ते म्हणाले. “मी बोट लावणार नाही.” मग इन्स्पेक्टरांचा फोन वाजला, तो कानाला लावत ते वळले आणि जाता जाता एवढंच म्हणाले, “तो टेम्पो तरी बाजूला घ्या, वाटेत आहे.”

घरी आल्यावर अण्णांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं आणि मग जी सुरुवात केली! आईला बोलले, रस्त्याला बोलले, हळदीकुंकवाला बोलले. या बायकांना दुसरा दिवस मिळाला नाही का, म्हणाले. मी विचारलं, “मग उचलायचा होता ना माल?” तर माझ्यावरच उखडले, “तू गप. तुला धंद्यातलं काय कळतं?”

हे मी इतक्या वर्षांनी पुन्हा पुन्हा आठवते ते एका गोष्टीसाठी. अण्णांना त्या वेळी पार्वतीबाईंची मागणी काय आहे, हे ठाऊकसुद्धा नव्हतं. अंगणवाडी, वखार, लेखी कागद, काही नाही. आपल्याला पटलंय म्हणून ते उभे राहिले असते तर ती साधी गोष्ट होती, पटलेल्याच्या बाजूने कोणीही उभं राहतं. त्यांनी फक्त एवढं पाहिलं की माणसं बसली आहेत. बसलेल्यांचं म्हणणं बरोबर की चूक, हे नंतर ठरेल, ठरवणारे ठरवतील. पण ते ठरेपर्यंत त्यांना बसू द्यावं लागतं. हक्क हा शब्द अण्णांनी उभ्या आयुष्यात वापरल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याकडे त्यासाठी जमखाना होता.

दुसऱ्या दिवसापासून शहर चिडायला लागलं. तो रस्ता अडला की पलीकडचे सगळे रस्ते तुंबत. बसमध्ये, चहाच्या दुकानात, आमच्या कॉलेजात एकच वाक्य होतं, ‘मागणी बरोबर असेल हो, पण लोकांना त्रास कशाला?’ मोटारीतून कोणी ओरडून जाई, कोणी रिकामी बाटली भिरकावी. आणि गंमत म्हणजे सगळ्यांना दिसत होता तो गुलाबी मांडव. ‘यांना तर नवी साडी, नवा मांडव, मजाच आहे,’ असं एका बाईला म्हणताना मी ऐकलं. तो मांडव माझ्या बहिणीचा आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

बंगळुरात एक वाक्य जागोजागी ऐकू येतं, ‘स्वल्प अडजस्ट माडी’. थोडं सांभाळून घ्या. दोघांच्या बाकावर तिसरा बसतो तो हे म्हणून, दुकानदाराकडे सुटे नसतात तेव्हा हेच, पाणी दोन दिवस आलं नाही तरी हेच. या शहराचा सगळा गोडवा या वाक्यात आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण त्या दिवसांत मला पहिल्यांदा दिसलं की हे वाक्य काही माणसांना फार वेळा ऐकावं लागतं आणि काहींना जवळजवळ कधीच नाही. पार्वतीबाई वर्षानुवर्षं सांभाळून घेत आल्या होत्या. गळकं छप्पर, उशिरा येणारं धान्य, वरून आलेली नवनवीन कामं. आता त्या पहिल्यांदाच आम्हाला म्हणत होत्या, आमच्यासाठी तुम्ही थोडं सांभाळून घ्या. आणि आम्ही हॉर्न वाजवत होतो. त्या हॉर्नांमध्ये वाईट माणसं नव्हती. कोणाला दवाखान्यात पोहोचायचं असेल, कोणाचा पहिला इंटरव्ह्यू असेल. त्यांचाही त्रास खोटा नव्हता. खोटं एवढंच होतं की हा त्रास रविवारी सकाळी सुरू झाला असं त्यांना वाटत होतं.

घरात अक्काला कळायचं ते कळलंच. ती रडली नाही, भांडली. तिचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. एका मुलीच्या लग्नाची हौस म्हणजे काही गुन्हा नाही. “सगळ्या गावाला बसवा माझ्या मांडवात,” ती अण्णांना म्हणाली, “मला मात्र विचारू नका.” लग्न जवळ आलं होतं, माल कधी परत येईल, जप्त होईल की काय, कोणाला सांगता येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, मीच जाऊन विचारते त्यांना, कधी उठणार. आणि मला ओढत घेऊन गेली.

आम्ही पोहोचलो तेव्हा मांडवात घोषणा नव्हत्या. गोल करून बायका बसल्या होत्या आणि मधोमध अवरेकाईची रास. आनेकलच्या बायकांनी गावाकडून पोती मागवली होती. निपाणीच्या, विजापूरच्या बायकांना इथली पद्धत ठाऊक नव्हती, त्या शिकत होत्या. आधी शेंगा सोलायच्या, दाणे पाण्यात भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहतं आणि आतला पिवळट मऊ दाणा टुणकन उडतो. एकटीने करायचं काम नाही हे, कंटाळा येतो. दहा जणी बसल्या की कळतही नाही. एका बाईचा दाणा उडून थेट पोलिसाच्या बुटावर पडला आणि सगळ्या हसल्या, पोलीससुद्धा. अख्ख्या मांडवाला तो उग्र वास लागला होता.

अक्काने पार्वतीबाईंना गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं, हा मांडव माझ्या लग्नाचा आहे.

पार्वतीबाईंचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं, झालरीकडे, वेलबुट्टीकडे, जणू आज पहिल्यांदा दिसत होती. “आगं माझे बाई,” त्या म्हणाल्या. “आमास्नी काय ठावं? आमी म्हणलं शहरात असंच आसतंय. कवा हाय लगीन?”

अक्काने सांगितलं.

त्यांनी मागे वळून कोणाला तरी हाक मारली. “ए, दोऱ्या सोडा गं. पोरीचा मांडव हाय ह्यो. आपुन बिगर मांडवाचं बसू. ऊन काय नवं हाय व्हय आपल्याला?” आणि खरंच दोघी-तिघी उठल्या, एका खांबाशी गेल्या आणि गाठ सोडायला लागल्या. कोणी कुरकुर केली नाही. एक म्हातारी तर आपल्याखालच्या जमखान्यावरची सालं हाताने गोळा करू लागली, डाग पडायला नकोत म्हणून.

अक्काला हवं होतं ते मिळत होतं. इन्स्पेक्टरांनाही जे जमलं नव्हतं ते तिच्या एका वाक्याने होत होतं. मग ती खांबाशी गेली आणि त्या बाईच्या हातातली दोरी घेऊन तिने गाठ पुन्हा आवळली. अण्णांची मुलगी ती, गाठ पक्की बसली.

“आधी तुमचं होऊ दे,” ती म्हणाली. “मग माझं.” आणि खाली बसून दाणे दाबायला लागली. मला तिचा इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना, म्हणून मीही बसले. त्या संध्याकाळी घरी येताना आमच्या दोघींच्या बोटांना वास येत होता. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी काढताना अक्का हसून म्हणाली होती, अजून जात नाही गं.

संक्रांत मांडवातच झाली. आई करंडा घेऊन गेली, आणि या वेळी तो लपवला नाही. कोणाला नवरा आहे, कोणाला नाही, हे न विचारता तिने रांगेने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. एकदोघी मागे सरकल्या, तर त्यांची हनुवटी धरून लावलं. आजूबाजूच्या दुकानांतून तीळ, गूळ, खोबऱ्याची पाकिटं आली. आदल्या आठवड्यात हॉर्न वाजवणाऱ्यांपैकीच कोणी आणली असतील, कोणी सांगावं? माणसं बदलतात असं नाही, पण एकदा चेहरा ओळखीचा झाला की हॉर्नवरचा अंगठा जरा सैल होतो. पार्वतीबाईंनी इन्स्पेक्टरांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, “घ्या सायेब. खरं मला ग्वाड बोलाय सांगू नगा, घसा बसलाय.” मी ते कन्नडमध्ये करून सांगितलं. इन्स्पेक्टर हसले आणि त्यांनी खिशातल्या खोकल्याच्या गोळ्या काढून दिल्या.

कागद आला तो लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी. तो पूर्ण नव्हता. सध्या कुठलीही अंगणवाडी बंद होणार नाही, पुढचं पुढे बघू, असा काहीसा. ‘सध्या’ या शब्दावर पार्वतीबाई बराच वेळ बोट ठेवून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, चला, आत्तापुरतं मिळालं, पुढं पुन्हा येऊ. त्या उठल्या. सगळ्या उठल्या. अण्णा टेम्पोपाशी उभे होते. शेवटची बाई उभी राहिल्यावरच त्यांनी कामगारांना खूण केली.

धुऊन उन्हात टाकायला वेळच नव्हता. दुकानाचा एवढा जुना नियम अण्णांनी त्या एका दिवशी मोडला, आणि अक्काचं लग्न त्याच मांडवात, त्याच जमखान्यांवर लागलं. मंगलाष्टकं चालू असताना मला जमखान्याच्या दुमडीत अवरेकाईचं वाळलेलं साल सापडलं. अत्तराच्या, उदबत्तीच्या, फुलांच्या वासाखाली तो उग्र वास अगदी स्पष्ट येत होता. नव्या व्याह्यांकडची एक बाई नाक मुरडून म्हणाली, कसला वास गं हा? अक्का नवरीच्या वेषात, खाली मान घालून, हसली.

आता दुकान नाही. आई गेली, अण्णांचे गुडघे गेले, लोक हॉलमध्ये लग्नं करायला लागले. आणि आंदोलनांनाही आता जागा नेमून दिली आहे, फ्रीडम पार्क. पूर्वी तिथे तुरुंग होता. रस्ता अडत नाही, हे चांगलंच झालं म्हणायचं. ज्याला दवाखान्यात जायचंय तो पोहोचतो. पण बसणारे तिकडे बसतात आणि आम्ही इकडून जातो. कोणाचा दाणा उडून कोणाच्या बुटावर पडायचा संभवच राहिलेला नाही. माझ्या ऑफिसातल्या मुलांना मी विचारलं, आत्ता तिथे कोण बसलंय, तर कोणालाच माहीत नव्हतं. त्रास झाला नाही म्हणजे कळलंच नाही. त्या वेळी लोक निदान चिडत तरी होते.

यंदाच्या धनुर्मासात मी अण्णांना डोळे तपासायला घेऊन गेले होते. परत येताना रिक्षा पार्कच्या बाजूने आली. सिग्नलला थांबलो तर अण्णांनी माझा हात दाबला. “थांबव.” उतरून, काठी टेकत ते आत गेले. तिथे बरीच माणसं बसली होती. कोणाचं आंदोलन होतं, ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अण्णांनीही विचारलं नाही. त्यांची नजर खाली होती. फ्लेक्सचे जुने बॅनर उलटे करून अंथरले होते, त्यावर माणसं बसली होती. एका कोपऱ्यातून कसल्याशा फ्लॅटच्या जाहिरातीतली हसरी बाई डोकावत होती. अण्णांनी वाकून त्या फ्लेक्सला तळहात लावला.

“गारठा वर येतोय,” ते म्हणाले.

घरी आल्यावर मला माळ्यावर चढवलं. दुकान विकताना त्यांनी एकच जमखाना ठेवून घेतला होता, अक्काच्या लग्नातला, लाल, पिवळ्या पट्ट्यांचा. आईच्या तेराव्याला पाहुण्यांसाठी आम्ही सतरंज्या भाड्याने आणल्या, पण हा काढू दिला नव्हता त्यांनी. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत उन्हात टाकला, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाले, चल.

मी ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि आम्ही पुन्हा पार्कात गेलो. अण्णांनी कोणाशी ओळख काढली नाही, भाषण ऐकलं नाही. जमखाना उलगडला, कडा ओढून सरळ केल्या, मधला फुगा तळहाताने सपाट केला. लोक जरा गोंधळले. मग एक बाई लेकराला घेऊन सरकली, तिच्या मागून दोन म्हातारे, आणि बघता बघता जमखाना भरला. अण्णा बाजूच्या कठड्यावर बसून बघत होते. मला वाटतं, लग्न नसलेल्या महिन्यात एक मांडव घातल्याचं समाधान होतं ते.

सूर्य कलला. मला घरी जाऊन मेल पाठवायचे होते, अण्णांना गार वारा बाधतो. बसलेले काही हलायचं चिन्ह नव्हतं. मी हळूच म्हटलं, “अण्णा, विचारू का त्यांना? आपला घेऊन जाऊ या.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललेच नाही. काठी टेकून उठले आणि जमखान्याला वळसा घालून, कोणाच्या पायाला पाय लागणार नाही असे, फाटकाकडे निघाले. रिक्षात बसल्यावर मागे वळूनही बघितलं नाही. के. आर. पुरमचा पूल आला, वाहनं तुंबली, सगळे हॉर्न वाजवू लागले. तेव्हा मला राहवेना.

“अण्णा, तो एकच होता आपल्याकडे. परत कधी आणायचा?”

“उठले की,” अण्णा म्हणाले.